एकाच गाडीवर जुना रंग आणि नवा रंग: नागपूरच्या उन्हात दोघांची निगा कशी राखावी

गेल्या मे महिन्यात माझ्या १२ वर्षे वापरलेल्या लाल हॅचबॅकचे बॉनेट आणि डावा पुढचा दरवाजा नव्याने रंगवून आणला आणि नेहमीच्या सवयीने गाडी इमारतीच्या मागच्या भिंतीलगत उभी केली. वरच्या मजल्यावरच्या कूलरचे पाणी रात्रभर छपरावर आणि बॉनेटवर ठिबकत राहिले, सकाळी नऊला ऊन तापले आणि प्रत्येक थेंबाच्या जागी पांढऱ्या कडेचे एकेक वर्तुळ उमटले. कूलरच्या टाकीतले पाणी उडून जाते, त्यातले क्षार मात्र मागे साठत राहतात, त्यामुळे भर उन्हाळ्यात हे पाणी बोअरच्या पाण्याहूनही जड झालेले असते. याच जागेवर आधीचे तीन उन्हाळे असेच डाग पडले होते आणि पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने ते निघालेही होते. या वेळी मात्र छपरावरचे डाग निघाले आणि बॉनेटवरचे रंगातच रुतून बसले, कारण छपराचा रंग १२ वर्षांचा होता आणि बॉनेटचा पाच दिवसांचा.

जुन्या रंगाचा थर झिजलेला असतो, पण तो पक्का असतो. त्याला कमीत कमी घासणे आणि वरून संरक्षक थर देणे, एवढे हवे असते. नव्या रंगाचा थर जाड असतो, पण अजून कच्चा असतो. त्याच्यावर काही काळ काहीही न लावणे हीच त्याची निगा. आपण नेमके उलटे करतो. जुन्या रंगावर रबिंग, म्हणजे घासून चमक काढणे, करत सुटतो आणि नव्या रंगावर दुसऱ्याच दिवशी हौसेने वॅक्स चोळतो.

हातातला रंग नेमका कोणता, ते आधी ओळखावे

आजच्या गाड्यांवर कारखान्यात पत्र्यालगत गंजरोधक ईडी कोट, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपण ज्याला चमक म्हणतो ती केसाहूनही पातळ थरात असते. अतिनील किरण अडवणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात, त्यामुळे क्लिअर घासला जातो तेव्हा उन्हापासूनचे संरक्षणही त्याच्यासोबत जाते.

पद्मिनी, ॲम्बॅसॅडर किंवा जुनी मारुती ८०० यांसारख्या गाड्यांवर बहुधा क्लिअर नसलेला, एकाच थराचा साधा रंग असतो. तो ओळखण्यासाठी पांढऱ्या सुती फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन डिकीच्या आतल्या कडेवर हलकेच घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर तो एकथरी रंग, न लागला तर वर क्लिअर आहे असे समजावे. गाडी जुनी विकत घेतली असेल तर कोणता भाग पूर्वी रंगवलेला आहे हेही पाहावे. कागदात गुंडाळलेले बारीक लोहचुंबक पत्र्यावरून फिरवले की ज्या ठिकाणी ते सैल धरते, तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. मायक्रॉन मोजणारे गेज मिळाले तर उत्तमच: कारखान्याच्या रंगाचे आकडे गाडीभर साधारण सारखे येतात, पुन्हा रंगवलेल्या भागाचे बहुधा २०० च्या आसपास किंवा वर जातात आणि लांबी असेल तर ५०० ही ओलांडतात.

धुण्याची पद्धत

रंगावर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दगडांनी किंवा फांद्यांनी पडत नाहीत. ते पुसण्याने पडतात. आमच्या इमारतीत गाड्या पुसायला येणारे भाऊ एका बादलीत आणि एकाच फडक्यात सगळ्या गाड्या उरकतात. पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर घासली जाते. मी त्यांना म्हणालो, ‘भाऊ, तुम्ही फक्त काचा पुसा, पैसे तेवढेच देईन.’ त्यावर ते म्हणाले, ‘मग साहेब, गाडी पुसली हे लोकायले कसं समजन?’ त्यांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न रास्त आहे, पण माझा निर्णय मी बदललेला नाही.

नागपूरची धूळ साधी नसते. सिमेंटच्या रस्त्यांची आणि बांधकामांची भुकटी तीत असते, आणि कोराडी-खापरखेडा भागात औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेची भर पडते. ही राख म्हणजे बव्हंशी सिलिका आणि ॲल्युमिनाचे काचेसारखे बारीक कण. अशा धुळीवर कोरडे फडके किंवा पिसांचा झाडू फिरवणे म्हणजे रंगावर वॉटर पेपर फिरवण्यासारखेच आहे. धूळ आधी पाण्याने वाहून जायला हवी, हात त्यानंतर लावावा.

उन्हाळ्यात गाडी सकाळी सातच्या आत आणि सावलीत धुवावी. हाताची पालथी बाजू बॉनेटला लावून चटका लागत असेल तर धुण्याचा विचार सोडून द्यावा, कारण पाणी पुसण्याआधीच वाळते आणि क्षार तिथेच बसतात. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीसाठीच बनवलेल्या सौम्य शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नये. त्याने वॅक्सचा थर निघून जातो. आधी नळीने छपरापासून खाली भरपूर पाणी सोडावे. मग मायक्रोफायबरचा जाड हातमोजा शॅम्पूत बुडवून छप्पर, काचा, बॉनेट, दरवाज्यांचा वरचा भाग या क्रमाने सरळ रेषेत, दाब न देता फिरवावा. प्रत्येक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात पिळून स्वच्छ करावा आणि मगच पुन्हा शॅम्पूत घालावा. दरवाज्यांची खालची पट्टी, बंपर आणि चाके यांना वेगळे फडके ठेवावे आणि त्यांना शेवटी हात लावावा. फडके जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते बाद समजावे. पुसताना मोठा मऊ टॉवेल भागावर पसरून अलगद आपल्याकडे ओढावा, गोल गोल घासू नये. शेवटचे पाणी बोअरचे न घेता नळाचे घेतले तर डाग बरेच कमी पडतात.

जुन्या रंगाची उजळणी

गाडी धुऊन वाळली की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटे बॉनेटवरून फिरवावीत. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग पिशवीतून चक्क खरखरीत लागतो. ब्रेकची धूळ, लोखंडाचे कण, उडालेल्या रंगाचे तुषार असे जे धुण्याने निघत नाही ते रंगात रुतलेले असते. लोखंडाच्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो फवारला की जिथे कण असतील तिथे जांभळे ओघळ दिसतात. तो वाळू न देता धुऊन टाकावा. उरलेल्या खरखरीसाठी क्ले बार वापरावा: भाग शॅम्पूच्या पाण्याने निसरडा ठेवावा, मळलेल्या कणकेसारखी क्लेची चपटी गोळी दाब न देता पुढे-मागे सरकवावी आणि ती मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणावी. जमिनीवर पडलेली क्ले निमूटपणे फेकून द्यावी.

यानंतर पॉलिश करायचे की नाही, हा खरा निर्णय आहे. दर सर्व्हिसिंगला रबिंग-पॉलिशचा आग्रह होतो आणि गाडी दोन दिवस आरशासारखी दिसते, पण प्रत्येक वेळी क्लिअरचा थोडा भाग कायमचा निघून जातो. हलक्या पॉलिशमध्ये एखाद-दोन मायक्रॉन जातात, जाड दाण्याच्या, घासणाऱ्या कंपाउंडने त्याच्या कितीतरी पट. माझ्या मते वर्षातून एकदा तेही हलके पॉलिश पुरे, आणि दोन वर्षांतून एकदा केले तर अधिक चांगले. करायचेच असेल तर सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ फोम पॅड घेऊन बॉनेटच्या हातभर जागेत आधी करून पाहावे; तेवढ्याने काम भागले तर त्याहून कडक काही वापरू नये. बॉडीच्या धारदार कडा आणि रबराच्या पट्ट्या यांवर मास्किंग टेप लावावी, कारण कडांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीन तिथेच आधी आरपार जाते. नवख्या हाताने ड्युअल ॲक्शन मशीनच, म्हणजे पॅड गोल फिरता फिरता डोलणारे, वापरावे. पॅड नुसते गोल फिरवणारे रोटरी मशीन एका जागी क्षणभर जास्त थांबले तरी रंग जाळू शकते.

एकथरी जुना रंग वेगळ्या वागणुकीने खुलतो. वर्षानुवर्षे उन्हात राहून त्याची वरची पापुद्री खडूसारखी झालेली असते. ती हाताने, भरपूर पॉलिश घेऊन, मऊ फडक्याने हळूहळू काढावी. फडके लाल किंवा निळे होईल, त्याने घाबरू नये. तो मेलेला रंग निघत असतो. मात्र खालचा ताजा रंग दिसताच थांबावे आणि लगेच वॅक्स लावावे, नाहीतर काही आठवड्यांत तो पुन्हा पांढरा पडतो.

एका प्रकारच्या जुन्या रंगाला मात्र कोणतेही पॉलिश वाचवू शकत नाही. छपरावर किंवा बॉनेटवर क्लिअर पांढरा पडून त्याचे पापुद्रे सुटत असतील, तर घासल्याने ती जागा फक्त मोठी होते. तो भाग पुन्हा रंगवणे हाच उपाय आहे. तोवर वॅक्स लावून पाणी आत शिरू न देणे एवढेच आपल्या हाती असते.

संरक्षक थरांबद्दल थोडक्यात सांगायचे तर कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते, त्याची झळाळी सुंदर असते, पण नागपूरच्या उन्हाळ्यात ते महिनाभर टिकले तरी पुष्कळ. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतो आणि रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी तोच सुचवेन. सिरॅमिक कोटिंग त्याहून टिकाऊ असते, पण त्याखाली आधीचे ओरखडे जसेच्या तसे बंद होतात आणि उडालेल्या खड्यापासून ते वाचवत नाही. खड्यापासून खरे संरक्षण देते ती पीपीएफ ही जाड पारदर्शक फिल्म. तिचे पैसे मोजायचे असतील तर बॉनेटची पुढची कडा आणि बंपर एवढ्यावरच मोजावेत.

पेंटरकडे गाडी देताना

रंगकामासाठी नागपुरात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता रंगात अडकून पृष्ठभाग धुरकट पांढरा पडू शकतो, आणि मे महिन्यात तापमान ४५ अंशांवर गेले की थिनर पत्र्यावर पोहोचण्याआधीच उडतो आणि रंग कोरडा, खरबरीत बसतो. मी स्वतः मे महिन्यात रंगवले ही पहिली चूक होती. त्या दिवसांत काम करावेच लागले तर पेंटरने संथ उडणारा थिनर वापरावा असे स्पष्ट सांगावे.

गाडी देताना पेंटरला तिच्यावर आधी कोणते वॅक्स, सिलिकॉन पॉलिश किंवा कोटिंग लावले होते ते सांगावे. सिलिकॉनचा अंश राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. काम बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, होईल की गल्लीतल्या उघड्या अंगणात, दिवे आणि दरवाज्यांची हँडल काढून रंग मारणार की नुसता कागद चिकटवणार, हार्डनर, म्हणजे रंग पक्का करणारे द्रव्य, मिसळलेला टू-के क्लिअर वापरणार का आणि त्याचे किती कोट देणार, हे प्रश्न आधी विचारावेत आणि उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. क्लिअरचे दोन ते तीन कोट, दोन कोटांमध्ये दहा-पंधरा मिनिटांचा अवकाश आणि बूथमध्ये सुमारे ६० अंशांवर अर्धा तास भाजणी, अशी साधारण पद्धत असते. मेटॅलिक किंवा पर्ल रंग असेल तर शेजारच्या भागावर रंगाचा फिकट शिडकावा घेऊन छटा जुळवावी लागते. एकच दरवाजा काटेकोर कापून रंगवला की सावलीत जुळलेला रंग उन्हात लगेच वेगळा दिसतो.

गाडी परत घेताना संध्याकाळी घेऊ नये. सकाळच्या उन्हात आणि मग सावलीत, दोन्हीकडे पाहावी. ओघळ, अडकलेली धूळ, रबरावर आणि काचेवर उडालेला रंग तपासावा. रंगाला संत्र्याच्या सालीसारखा दाणा आला असेल तर जवळच्या कारखान्याच्या भागाशी तुलना करावी, कारण थोडा दाणा कारखान्याच्या रंगालाही असतोच. आपल्या संत्रानगरीत हा दोष पेंटरला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत.

नव्या रंगाचे पहिले तीन महिने

भाजणीनंतर रंग हाताला कोरडा लागतो, पण त्याच्या पोटातले द्रावक पुढचे काही आठवडे बाहेर पडत असतात आणि हार्डनरची रासायनिक क्रियाही चालू असते. म्हणून नव्या भागावर वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक लावण्यासाठी किमान ३० दिवस थांबावे. पेंटरने नुसते हवेत वाळवले असेल किंवा कोट जाड असतील तर ६० ते ९० दिवस. पीपीएफ किंवा स्टिकर त्याहूनही उशिरा, कारण अर्धवट पक्क्या रंगावरची फिल्म काढताना रंगही सोबत येतो. नाक पत्र्याजवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर घाई करू नये, इतके नक्की समजावे. वास गेला म्हणजे रंग पूर्ण पक्का झाला असे मात्र धरू नये.

पहिला आठवडा गाडी धुऊ नये. धूळ साचली तरी साचू द्यावी, हाताने किंवा फडक्याने झटकू नये. त्यानंतर महिनाभर फक्त साधे पाणी, गरज पडली तर पातळ केलेला सौम्य शॅम्पू आणि मऊ हातमोजा. ब्रशचे यंत्र, प्रेशर वॉशरची जवळून मारलेली धार, क्ले आणि पॉलिश यांपैकी काही नको. या काळात गाडीवर कव्हर घालू नये, कारण द्रावक कोंडले जातात. एरवीही नागपूरच्या लूमध्ये धुळकट गाडीवरचे कव्हर दिवसभर फडफडत रंग घासत राहते. कव्हर घालायचेच तर धुतलेल्या, वाळलेल्या गाडीवर आणि वाऱ्याला आडोसा असेल तिथेच. पावसाळ्यात प्लास्टिकचे कव्हर तर अजिबात नको. आत दमट हवा कोंडून नव्या रंगावर बारीक फोड येतात.

नव्या रंगाचा सर्वांत मोठा शत्रू पक्ष्यांची विष्ठा आहे. ती आम्लयुक्त असते; दुपारच्या उन्हात रंग मऊ पडून प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि विष्ठेचा आकार रंगावर कोरला जातो. जुन्या रंगावर हे व्हायला दिवस-दोन दिवस लागतात, नव्यावर एक दुपार पुरते. सिव्हिल लाइन्ससारख्या जुन्या झाडीच्या भागात वड-उंबरांखाली वटवाघळांचा फळांच्या बियांनी भरलेला चिकट सडा पडतो, तोही असाच. आंब्याला मोहर येतो तेव्हा तुडतुड्यांचा साखरी चिकटा खाली उभ्या गाडीवर पसरतो. म्हणून गाडीत एक पाण्याची बाटली आणि टिश्यूचा डबा ठेवावा. डागावर ओला टिश्यू दहा मिनिटे ठेवावा, मग तो डागासकट उचलावा. घासू नये, नखाने खरवडू नये. पेट्रोल भरताना ओघळ आला तर लगेच पाणी टाकावे.

माझ्या बॉनेटवरच्या कूलरच्या वर्तुळांना मी तीन महिने हात लावला नाही. तिसरा महिना संपल्यावर हलक्या पॉलिशने ती बरीचशी गेली. दोन-तीन अजून संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात. गाडी आता कूलरच्या रेषेबाहेर उभी असते.

खड्याचे टवके आणि सणवार

खड्याने उडालेला टवका प्रायमरपर्यंतच गेला असेल तर वेळ आहे. पत्रा दिसत असेल तर मृगाच्या आधी तो बुजवावा, नाहीतर पावसाळ्यात गंज रंगाखाली पसरत जातो. दरवाज्याच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, त्यानुसार टच-अप बाटली घ्यावी. जागा स्पिरिटने पुसावी, गंज असेल तर तो खरवडून गंज थोपवणारा रस्ट कन्व्हर्टर लावावा, मग टूथपिकच्या टोकाने प्रायमर, रंग आणि क्लिअर यांचे पातळ थेंब, प्रत्येक वाळू देत, सोडावेत. ब्रशने फासू नये. टवक्याच्या खळग्यात थेंब आपोआप पसरतो.

धुळवडीला गाडी शक्यतो आत ठेवावी, आणि चंदेरी रंग लागलाच तर केरोसिनने पुसण्याचा मोह नव्या रंगावर टाळून पेंटरला दाखवावे. दसऱ्याला गाडीची पूजा करताना बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हळदीचा डाग उन्हाने फिका पडतो, पण बाजारातल्या कुंकवातला रंग कच्च्या क्लिअरमध्ये शिरला तर निघत नाही. ज्या वर्षी गाडी नव्याने रंगवली असेल त्या वर्षी स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढावे, झेंडूचा हार तारेऐवजी सुती दोऱ्याने बांधावा आणि रात्री गाडी लावण्याआधी तो काढून घ्यावा.